जुन्या ट्रॅक्टरचे मूळ भाग ओळखण्याची रीत

हिंगोलीकडील ज्या शेतकरी बंधूंपाशीं जुना ट्रॅक्टर आहे, त्यांनीं सुटा भाग मागतांना केवळ ट्रॅक्टरचें नांव सांगून भागत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. फर्ग्युसन ३५ हेंच उदाहरण घ्या. १९५६ सालीं तो निघाला तेव्हां त्याच्या डिझेल एंजिनास चार सिलिंडर होते; १९५९ सालीं त्या जागीं पर्किन्सचें तीन सिलिंडरांचें एंजिन आलें. ३५ हा आंकडा कायम राहिला, परंतु एकाचा क्रँक वा गॅस्केट दुसऱ्यास बसत नाहीं. त्यापूर्वींच्या राखी रंगाच्या फर्ग्युसनमध्येंही पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास ८० मिलिमीटर होता, तो १९५१ सालीं ८५ झाला.

गांवाच्या नांवावरून शेत सांपडत नाहीं, गट नंबर लागतो. तसेंच येथें समजावें. ट्रॅक्टरच्या पट्टीवरील अनुक्रमांक आणि एंजिनावर कोरलेला नंबर, दोन्ही वहींत टिपून ठेवावे. मध्यंतरीं कोणीं एंजिन बदललें असल्यास एकट्या अनुक्रमांकानें फसगत होते. दुकानीं जातांना झिजलेला भागही सोबत न्यावा. ऐन मृगांत चुकीचा भाग हातीं आला, तर तो परत करतां येईल. निघून गेलेला वाफसा मात्र परत येणार नाहीं.