मुंबईंतील बेने इस्राएलांची सोयरीक व तीविषयींचा वाद

कुलाबा जिल्ह्याच्या गांवोगांवीं तेल गाळणारे व शनिवारीं घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली' म्हणजेच बेने इस्राएल होत, हें वाचकांस ठाऊकच आहे. नवगांवच्या किनाऱ्यावर जहाज फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया वांचल्या, अशी त्यांची परंपरागत उत्पत्तिकथा. या कथेनें सोयरिकीचा प्रश्न मुळांतच मिटवून टाकला आहे, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. जोडपीं पुरीं सात असल्यावर बाहेरची वधू आणण्याचें कारणच उरत नाहीं.

प्रत्यक्ष स्थिति निराळी होती. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत या समाजाचे 'गोरे' व 'काळे' असे दोन भेद नोंदलेले आहेत. काळे म्हणजे बेने इस्राएल पिता व अन्य समाजाची माता यांची संतति. दोहोंत बेटीव्यवहार नसे. नांवें रंगाचीं असलीं तरी भेद रंगाचा नव्हे, कुळाचा. मराठ्यांतील लेकावळ्यांची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें अपत्याचा धर्म मातेवरून ठरतो. म्हणजे शास्त्र काटेकोर लावलें तर, माता विधिपूर्वक धर्मांत आली नसल्यास, असें मूल यहुदीच नव्हे. कोंकणांतल्या या लोकांनीं त्यास समाजाबाहेर टाकलें नाहीं आणि पंक्तींतही घेतलें नाहीं. हा तोडगा रब्बींचा खास नव्हे. तो आपल्याकडील जातिव्यवहाराचा आहे, असें आमचें मत आहे.

पुढें हाच न्याय गोऱ्यांवर उलटला. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं मांडवी भागांत पहिलें सिनॅगॉग बांधलें (हे लोक त्यास 'मशीद' म्हणत), तेव्हां मुंबईंत बेने इस्राएलांची वस्ती चांगलीच वाढली होती. त्यानंतर डेव्हिड ससून यांच्यासारखे बगदादी यहुदी आले. १८३६ मध्यें बगदाद्यांनीं सरकाराकडे अर्ज करून दफनभूमींत बेने इस्राएलांपासून वेगळें करणारी भिंत मागितली. जिवंतपणीं सोयरीक नको, मेल्यावर शेजारही नको! त्यांचा आक्षेप तोच होता: या लोकांच्या रक्तांत परक्यांचा अंश आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म. धर्मशास्त्राप्रमाणें 'गेट' नांवाच्या सोडचिठ्ठीवांचून स्त्रीचा पहिला विवाह सुटत नाहीं, आणि तशा स्थितींत तिला दुसऱ्यापासून झालेलें मूल 'मामझेर', म्हणजे यहुदी समाजांत विवाहास अपात्र, ठरतें. बेने इस्राएलांस या विधीची माहिती नव्हती, असें म्हणण्यांत येई. यावर उत्तर असें कीं, हिंदु शेजाऱ्यांप्रमाणें त्यांच्यांत काडीमोड व विधवाविवाह हे दोन्ही रूढ नव्हते. जेथें दुसरा विवाहच नाहीं, तेथें तो दोष उद्भवणार कोठून?

हा वाद केवळ ग्रंथांतला राहिला नाहीं. १९४८ नंतर अनेक कुटुंबें मुंबई सोडून इस्राएलांत गेलीं. तेथील मुख्य रब्बींच्या मंडळानें १९६१ सालीं त्यांच्याशीं विवाहास मान्यता दिली. पण १९६२ च्या सूचनांप्रमाणें वधूवरांच्या पूर्वजांची चौकशी आवश्यक झाली. भायखळ्यास किंवा उमरखाडींत वाढलेल्या मुलीनें आपल्या पणजीचें कुळ सिद्ध करावें कसें? १९६४ मध्यें जेरुसलेमांत निदर्शनें झालीं, तेथील संसदेनें ऑगस्टांत बेने इस्राएलांच्या समान हक्कांचा ठराव केला, आणि मग सूचनांतून त्यांचें नांव वगळण्यांत आलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीच्या अभ्यासांत मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीं झालें व यहुदी अंश मुख्यतः पुरुषांकडून, भारतीय अंश मुख्यतः स्त्रियांकडून आला, असें दिसलें. सात वधूंच्या कथेस यानें बळ मिळत नाहीं. आणि गोरे कोणते, काळे कोणते, हा भेदही फारसा उरत नाहीं.

जुने कागद बाळगणाऱ्यांस येथें एक सूचना करावीशी वाटते. 'केतुबा' हा आरमाईक भाषेंतील विवाहकरार हातीं आल्यास त्यावरून दोन्ही पक्ष यहुदी मानले गेले, एवढेंच निघतें. कुळाचा निर्वाळा निघत नाहीं. मंगळसूत्र, मेंदी व संदेष्टा एलियाहू यांच्या नांवें वाटला जाणारा मलिदा यांचा तर त्यांत उल्लेख शोधूं नये. ते लोकाचार आहेत. याउलट १८७२ च्या तिसऱ्या कायद्यान्वयें झालेल्या विवाहाच्या दाखल्यांत 'मी यहुदी धर्म मानीत नाहीं' असें प्रतिज्ञापन आढळलें, तर तो धर्मत्यागाचा पुरावा समजण्याची घाई होते. त्या कायद्यानें ख्रिस्ती, यहुदी, हिंदु, मुसलमान, पारशी वगैरे सर्व धर्म नाकारल्याखेरीज नोंदणी होत नसे. १९२३ च्या दुरुस्तीनें हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांस आपसांत विवाह करण्यासाठीं ही अट शिथिल झाली. यहुद्यांस मात्र १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापर्यंत थांबावें लागलें. तोंवर एखाद्या बेने इस्राएल तरुणानें हिंदु मुलीशीं या कायद्याखालीं लग्न केलें असेल, तर दोघांनाही सही करण्यापूर्वीं आपला धर्म नाकारावा लागला असेल. मग तो तरुण दर शनिवारीं मशिदींत जाणारा कां असेना.