बारापुल्याच्या काठी

दिल्लीस गेल्यावर हुमायूनची कबर पाहावयास आपण जालच. तेथून जवळच बारापुला नावाचा जुना दगडी पूल आहे. जहांगीर बादशहाच्या काळात मिहरबानू आगा ह्याने तो बांधविला. कमानी अकरा, खांब मात्र बारा. नाव त्यावरूनच पडले असावे. पुलाखाली त्या काळी यमुनेस मिळणारा ओढा होता. आज त्याचा बारापुला नाला झाला असून नाकास पदर लावल्यावाचून तेथे उभे राहवत नाही. दक्षिण दिल्लीतील न्हाणीघरांचे, मोऱ्यांचे व शौचकूपांचे पाणी सुमारे साडेबारा किलोमीटर वाहत येऊन सराई काले खाँजवळ यमुनेत पडते.

ह्याच नाल्याकाठी सन डायल पार्कात २०१७ साली एक संशोधन-योजना सुरू झाली. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग व नेदरलँड्सची वैज्ञानिक संशोधन संस्था ह्यांनी खर्च उचलला, दिल्लीच्या आय.आय.टी.चे आणि डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाचे संशोधक कामास लागले. योजनेचे नाव ‘लोटस’, म्हणजे कमळ. हे वस्तुतः इंग्रजी आद्याक्षरांचे जुळवलेले नाव. पण जुळवणाऱ्यास चिखल आणि कमळ ह्यांचे नाते ठाऊक असले पाहिजे! २०१९ च्या ऑक्टोबरात डच राजदंपतीनेही हे ठिकाण पाहिले.

डच लोकच का, असे आपण विचाराल. त्यांच्या देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली आहे. पाण्याचा बंदोबस्त पाहणारी त्यांची लोकनियुक्त मंडळे तेराव्या शतकापासूनची. डेल्फ्ट गावातच विकसनशील देशांच्या अभियंत्यांना जलशास्त्र शिकविणारी संस्था १९५७ पासून चालते.

तथापि तेथील यंत्र पेटीतून आणून येथे मांडले, की काम झाले असे होत नाही. डेल्फ्टचे सांडपाणी बंद नळांतून वाहते. दिल्लीचा नाला उघडा. त्यात गाळ, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सारे काही येते. उन्हाळ्यात पाणी दाट होते, श्रावणात पावसाने पातळ होते. म्हणूनच प्रयोगशाळा नाल्याच्या काठी हवी होती.

तेथे चाचणीस घेतलेली एक रीत तर आपल्या परसातील अळवाच्या वाफ्याची आठवण करून देते. खडी व वाळू ह्यांचे थर रचून वर बोरूसारखी पाणवनस्पती लावतात. घाण पाणी थांबून थांबून वरून सोडले जाते. मधल्या वेळात खडीत हवा शिरते आणि तिच्यावर वाढलेले सूक्ष्म जंतू घाण खाऊन टाकतात. शेवाळाचाही उपयोग तपासला गेला. ते नायट्रोजन व फॉस्फरस शोषून घेते. रोगजंतू मात्र निराळ्या उपायांनी मारावे लागतात, आणि ही बाब गौण नव्हे. यमुनेच्या पूरमैदानात भाजीपाला पिकतो व शहरातील ताटांत येतो.

दिवसाला १०,००० लिटर पाणी शुद्ध करावे, हे योजनेचे लक्ष्य. माणशी १३५ लिटर धरले, तर ही जेमतेम पंधरा कुटुंबांची गरज होय. एवढ्याने नाला निवळणार नाही, हे संशोधकही जाणतात. परंतु छोट्या मांडणीत कोणती रीत दिल्लीच्या घाणीस पुरी पडते ते कळले, तर तशी अनेक केंद्रे वस्त्यावस्त्यांतून उभारता येतील. मग त्यांची वाळू बुजली म्हणजे कोणी तरी ती काढावयास हवी. पंपास वीज हवी, वनस्पतीची कापणी हवी, रखवालदारास पगार हवा. आणि ह्यांतले काहीही डेल्फ्टहून येणार नाही.