सहायक श्वान म्हणजे पाळीव कुत्रा नव्हे
सहायक श्वान (दिव्यांग व्यक्तीच्या मदतीसाठी खास शिकवलेला कुत्रा) दिसला की बहुतेकांना तो नेहमीचा पाळीव कुत्रा वाटतो. हा समज स्वाभाविक आहे; पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्यात कुत्रा म्हणजे घराची किंवा मेंढरांची राखण करणारा. सहायक श्वानाचे काम वेगळे असते. तो अंध व्यक्तीला अडथळ्यापासून वळवतो, पायरीपाशी थांबतो. कर्णबधिराला आवाजाची सूचना देतो. प्रवासात तो पायाशी बसून राहतो. नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या वडाप (माणशी भाडे घेणाऱ्या) जीपमध्ये अंध प्रवाशाची पांढरी काठी कोणी सामान म्हणून टपावर टाकत नाही. श्वानाचेही तसेच समजावे.

ब्रिटनमध्ये 2010च्या समानता कायद्यानुसार टॅक्सीचालकाला असा श्वान नाकारता येत नाही, त्याचे जादा भाडेही घेता येत नाही. वैद्यकीय कारणाने चालकाला सूट मिळू शकते. भारताच्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सहायक श्वानाचा स्वतंत्र उल्लेख नाही. मात्र वाजवी सोय (अवाजवी भार न पडता गरजेनुसार केलेला बदल) नाकारणे हा कायदा भेदभाव मानतो. श्वान सोबत असला तर आपल्याकडच्या चालकाने करायचे इतकेच: सोयीची जागा प्रवाशाला विचारावी आणि श्वानाला हात लावू नये किंवा खाऊ घालू नये.