परसबाग, लेखांक ८ : वाऱ्याच्या जागी घेवड्याचा आधार

वाल, घेवडा, चौधारी, अबई यांच्या वेलींचा आधार वेलीच्या वजनाने क्वचितच पडतो. तो वाऱ्याने पडतो. वजन सरळ खाली जाते आणि उभा बांबू तो भार सहज पेलतो. वारा मात्र आडवा रेटतो. जूनमध्ये दोन काठ्या आणि चार दोऱ्या एवढाच दिसणारा सांगाडा ऑक्टोबरपर्यंत पानांनी गच्च भरला की त्याचे शीड होते. त्या शिडावर किती रेटा येईल याचा विचार आधार उभारताना सहसा झालेला नसतो.

हा हिशेब अवघड नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या दर चौरस मीटरला साधारण ६ किलोचा रेटा देतो. ५४ किलोमीटरला तो १४ किलो होतो आणि ७२ किलोमीटरला २४ किलोंच्या वर जातो. चार मीटर लांब आणि १.८ मीटर उंच ताटीचे क्षेत्र सात चौरस मीटरांहून थोडे जास्त भरते. पानांच्या फटींतून काही वारा निसटतो हे खरे, पण भरलेली ताटी सलग भिंत आहे असे धरूनच हिशेब केलेला बरा. तसे धरले तर ताशी ५४ किलोमीटरच्या झोताला या एवढ्याशा ताटीवर शंभर किलोचा आडवा रेटा येतो. हा वेग काही चक्रीवादळाचा नव्हे. कोकणकिनाऱ्यावर किंवा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या पठारावर, जिथे पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत, पावसाळ्यात असे झोत येतच असतात.

त्यात वालाचा स्वभाव अडचणीत भर घालतो. त्याचे बरेच गावठी वाण दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत. तोवर ते फक्त पाला वाढवतात. जून-जुलैत नैऋत्येचा वारा जोरात असतो तेव्हा वेल गुडघाभर असतो आणि वाऱ्याला धरायला काही सापडत नाही. पाला पुरता भरतो तो सप्टेंबरअखेर, आणि नेमके तेव्हाच परतीच्या पावसातले गडगडाटी ढग झोत घेऊन येतात. त्यांची दिशा ठरलेली नसते. पुष्कळदा ते पूर्वेकडून येतात. म्हणून पावसाळी वारा पश्चिमेचा असे गृहीत धरून एकाच बाजूला ताण दिलेली ताटी चार महिने निमूट उभी राहते आणि ऐन फुलोऱ्यात उलट्या बाजूला लोळते.

जागा मोकळी असेल तर ताटीची लांबी पूर्व-पश्चिम धरावी. मोसमी वाऱ्याला मग ताटीची कड सामोरी जाते, संपूर्ण अंग नाही. उत्तर-दक्षिण ओळीत दोन्ही बाजूंना सारखे ऊन मिळते, हे बागकामात नेहमी दिले जाणारे कारण वालाच्या बाबतीत फारसे लागू पडत नाही. शेंगांचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा असतो, तेव्हा सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि पूर्व-पश्चिम ताटीच्या दक्षिण अंगाला दिवसभर ऊन मिळते. उत्तरेकडच्या सावलीत अळू किंवा हळद लावता येते.

आकाराचा प्रश्न त्यानंतरचा. दोन उभे खांब आणि वर एक आडवा बांबू हा चौकोन दिसायला नेटका असतो, पण चौकोनाचे सांधे कितीही आवळले तरी तो तिरका होतो. त्रिकोण होत नाही. चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी काठी बांधली की तोच सांगाडा ताठ होतो. खर्च एका काठीचा. याच कारणाने फार वाऱ्याच्या जागी सरळ ताटीपेक्षा कैची चांगली. दोन ओळींतल्या काठ्या वर एकमेकींकडे झुकवून, फुली पाडून बांधायच्या आणि फुलीच्या बेचक्यात आडवा बांबू ठेवायचा. पायातले अंतर उंचीच्या निम्मे तरी हवे. अरुंद पायांची कैची ही नावापुरती कैची असते. पाच-सहाच वेल असतील तर तीन काठ्यांचे तिकाटणे सर्वांत सोपे. ते कोणत्याही दिशेच्या वाऱ्याला सारखेच तोंड देते.

अंगणातला पारंपरिक मांडव याहून वेगळे काम करतो. पाला वर आडवा पसरलेला असल्यामुळे वाऱ्याला समोरून थोडेच क्षेत्र मिळते. जोमदार गावठी वालासाठी आणि डबल बीसाठी मांडवच योग्य, कारण हे वेल दोन मीटरांच्या ताटीवर मावतच नाहीत. मात्र मांडवाच्या खांबांना चारही बाजूंनी तिरपे टेकू हवेत. नाहीतर पहिल्या जोराच्या झोताला सगळा मांडव आहे तसाच एका अंगावर निजतो.

खांब जमिनीत किती जातो यावर बरेच काही ठरते. एकूण लांबीचा चौथा हिस्सा तरी गाडावा. तीन मीटरच्या बांबूचे ७५ सेंटिमीटर. बांबू ठोकून बसवू नये, वरचे तोंड फुटते. पहारीने खड्डा करून त्यात बांबू उभा करावा आणि भोवती वीतभर मुरूम टाकून चोपावा, पुन्हा मुरूम, पुन्हा चोपणी. खड्डा एकदम भरून वरून पाय दिला तर वरची माती दबते, खालची पोकळच राहते. काळ्या मातीत मुरूम आणखी गरजेचा, कारण ती माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि डिसेंबरपर्यंत खांब खड्ड्यात डुलू लागतो. कोकणात जांभ्यावर मातीच वीतभर असते. तिथे खोल गाडण्याचा नाद सोडून कैची किंवा तिकाटणे करावे आणि प्रत्येक पायाशी चिऱ्याचे वजन रचावे.

ताणाच्या बाबतीत एक चूक सर्रास आढळते: ताण फक्त ताटीच्या दोन्ही टोकांना, लांबीच्या दिशेने दिलेला असतो. त्याने तारा ताठ राहतात, पण अंगावर येणाऱ्या वाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. तीन खांबांच्या ताटीत आडव्या रेट्याचा जवळपास निम्मा भार मधल्या खांबावर येतो, आणि नेमका त्यालाच ताण नसतो. तेव्हा मधल्या खांबाला दोन्ही अंगांनी ताण द्यावा. तो खांबाच्या दोन-तृतीयांश उंचीवर बांधून जमिनीशी ४५ अंशांत उतरवावा. वरच्या हिशेबातल्या ताटीला अशा ताणावर पन्नासेक किलोचा ओढा येतो. १४ गेजची जस्ताळलेली तार त्याला भरपूर पुरते. हात टेकतो तो खुंटीपाशी. खुंटी ६० सेंटिमीटरची असावी आणि तिचे डोके खांबापासून दूर कललेले असावे. खांबाकडे कललेली खुंटी तार ओढील तशी अलगद बाहेर येते. जमीन भुसभुशीत असेल तर खुंटीऐवजी हात-दीड हात खोल खड्ड्यात आडवा दगड पुरून त्यालाच तार बांधावी. नाशिककडचे द्राक्षबागायतदार मांडवाच्या कडेला असाच भार जमिनीत उतरवतात. तिथला रेटा कित्येक पट मोठा असतो, तत्त्व तेच.

बांबू तीन वर्षांहून जून हवा आणि पावसाळा सरल्यावर तोडलेला हवा. कोवळ्या किंवा भर वाढीत तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश जास्त असतो. त्याला भुंगा लागतो आणि पेरांपाशी पिवळट भुकटी पडू लागते. दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्याने हा अंश बराच निघून जातो. सिंधुदुर्गातला माणगा खालच्या भागात जवळजवळ भरीव असतो; खांबासाठी तो मिळाला तर दुसरे काही शोधू नये. खांबाचे वरचे टोक पेराच्या लगेच वर कापावे, म्हणजे नळीत पाणी साचत नाही. जमिनीत जाणारा भाग, आणि त्याच्या वरची वीतभरही, डांबराने माखावी; बांबू कुजतो तो बहुधा माती आणि हवा मिळते तिथेच. एवढे करूनही गाडलेला बांबू दोन-तीन पावसाळ्यांपलीकडे भरवशाचा राहत नाही.

सांधे काथ्याने बांधावेत. सुतळी पावसात कुजते आणि ऑक्टोबरमध्ये, नको त्या वेळी, तुटते. नायलॉन टिकतो, पण गुळगुळीत बांबूवर सरकतो आणि त्याची गाठ सुटत जाते. फुलीवर तिरपे वेढे घेतल्यावर दोन बांबूंच्या मधून दोन-तीन फेरे घालून वेढेच आवळावे लागतात. हे मधले फेरे वगळले तर सांधा महिन्याभरात खेळू लागतो. हिरवा बांबू वाळला की बारीक होतो आणि घट्ट बांधलेला सांधाही सैल पडतो, म्हणून ऑगस्टअखेर सगळे सांधे एकदा हाताने हलवून पाहावेत.

सांगाडा जाड आणि वेलीचा धरण्याचा भाग बारीक, अशी विभागणी असावी. घेवड्याला काकडीसारखे तणावे नसतात. त्याचा शेंडाच फिरत फिरत आधार शोधतो आणि त्याला पीळ घालून चढतो. मनगटाएवढ्या गुळगुळीत बांबूवर ही पकड नीट बसत नाही, बोटाएवढ्या काठीवर किंवा काथ्यावर चटकन बसते. म्हणून खांबांच्या मध्ये, प्रत्येक वेलासाठी एक, असा काथ्या खाली खुंटीला आणि वर आडव्या बांबूला ताणून बांधावा. लोंबता काथ्या वाऱ्याने हेलकावतो, आणि कोवळा शेंडा घासून मोडतो. शेंडा हाताने चढवायचा असेल तर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गुंडाळावा. दुसऱ्या दिशेने गुंडाळलेला वेल आपोआप उलगडतो.

वाऱ्याचा जोरच कमी करता आला तर निम्मे काम हलके होते. त्यासाठी भिंत किंवा घट्ट विणलेले झाप उपयोगाचे नाहीत. वारा त्यांच्यावरून उसळून पलीकडे भोवरे करतो आणि ताटीला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी झटके बसतात. निम्मा वारा गाळून जाऊ देणारा आडोसा चांगला, मग ती गिरिपुष्पाची किंवा शेवरीची कुंपणरांग असो की ५० टक्क्यांची शेडनेट. अशा आडोशाचा परिणाम त्याच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत जाणवतो. फक्त शेडनेटच्या खांबांनाही ताण हवेत, कारण तेही शीडच आहे.

गच्चीवर गाडायला जमीन नसते. तिथे प्रत्येक पाय २० लिटरच्या वाळू भरलेल्या डब्यात बसवावा, पायांमधले अंतर रुंद ठेवावे आणि उंची दीड मीटरवर थांबवावी. ताटीचे टोक कठड्याच्या वर डोकावू देऊ नये. तिथून खाली पडणारा बांबू बागेपुरता प्रश्न राहत नाही.

चक्रीवादळासाठी घरगुती आधार बांधण्यात अर्थ नाही. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा रेटा दर चौरस मीटरला ४७ किलोंच्या घरात जातो, आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळाचा वेग त्याहून अधिक होता. इशारा मिळाल्यावर एका अंगाचे ताण सोडून, खांब पायाशी मोकळे करून ताटी वेलासकट जमिनीवर निजवावी. काही फांद्या मोडतात, पण मूळ शाबूत राहते आणि वेल पुन्हा फुटतो. यासाठी ताणाच्या तारेला खुंटीपाशी पीळ न घालता सोडता येणारी दोरीची गाठ आधीच ठेवलेली असावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा संपल्या की काथ्या कापून वेलासकट खतात टाकता येतो. बांबू उपसून, मातीचा भाग कोरडा करून, आडवे आणि जमिनीपासून उचलून ठेवावेत, म्हणजे वाळवी लागत नाही.