अंतराळातले दर्यावर्दी – ७ : कप्तान होण्याआधीचा कर्क

गेल्या आठवड्यात आपण होरेशिओ हॉर्नब्लोअरपाशी थांबलो होतो. सी. एस. फॉरेस्टर यांनी १९३७ साली त्याला थेट कप्तान म्हणून वाचकांपुढे आणलं. त्याच्या उमेदवारीच्या वर्षांचं पुस्तक आलं ते १९५० साली. जीन रॉडनबेरी यांनी ‘स्टार ट्रेक’ रचताना हाच दर्यावर्दी नजरेसमोर ठेवला होता. जेम्स टी. कर्कची ओळखही आपल्याला अशीच उलट्या क्रमाने होते. ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली तेव्हा तो ‘एंटरप्राइज’चा कप्तान होताच. त्याचा पूर्वीचा काळ नंतर, वेगवेगळ्या भागांतल्या संवादांतून उलगडत गेला.

हे तुकडे जुळवले की आयोवाचा एक गंभीर मुलगा दिसू लागतो. टार्सस-४ या वसाहतीत बुरशीने धान्य नासलं, तेव्हा गव्हर्नर कोडोसने ८००० रहिवाशांपैकी निम्म्यांना ठार मारायचा हुकूम दिला. कोडोसचा चेहरा पाहून जिवंत राहिलेल्या मोजक्यांपैकी कर्क एक. पुढे स्टारफ्लीट अकादमीत तो सतत पुस्तकांत बुडालेला असे. फिनेगन नावाचा वरच्या वर्गातला विद्यार्थी त्याला छळून बेजार करी. नंतर त्याने तिथेच शिकवलं, तेव्हा कडक शिक्षक म्हणून विद्यार्थी त्याला वचकून असत.

‘रिपब्लिक’ जहाजावरचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कर्क तेव्हा एन्साइन होता, अधिकाऱ्यांच्या उतरंडीत अगदी खालच्या पायरीवर. जिवलग मित्र बेन फिनीच्या जागी तो पाळीवर आला आणि अणुइंधनाकडे जाणारं एक सर्किट उघडं राहिल्याचं त्याच्या लक्षात आलं. आणखी पाच मिनिटं गेली असती तर जहाज उडालं असतं. त्याने ते बंद केलं आणि लॉगबुकात नोंदही केली. फिनीला ठपका बसला, त्याची बढती लांबली. फिनीने आपल्या मुलीचं नाव कर्कच्या नावावरून जेमी ठेवलं होतं. तरीही ही अढी गेली नाही. ‘कोर्ट मार्शल’ या १९६७च्या भागात याच अढीने कर्कला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

हाच माणूस अकादमीत ‘कोबायाशी मारू’ची परीक्षा दोनदा हरला आणि तिसऱ्या वेळी संगणकाचा प्रोग्रॅमच बदलून जिंकला. ही गोष्ट १९८२च्या ‘द रॅथ ऑफ खान’ चित्रपटातली. परीक्षा मुळातच न जिंकता येणारी होती. हरताना अधिकारी कसा वागतो, हे तिला पाहायचं होतं. कर्कने हरणंच नाकारलं आणि त्या कल्पकतेबद्दल शाबासकी मिळवली.

मात्र अकादमीने शिकवायचा राहिलेला धडा ‘फॅरागट’ या जहाजाने दिला. तिथे लेफ्टनंट कर्क फेजर तोफेवर असताना रक्त शोषणारा एक ढगासारखा जीव समोर आला. कर्क क्षणभर कचरला, मग त्याने तोफ डागली. कप्तान गॅरोविकसह सुमारे २०० जण मेले. तो क्षण कर्क अकरा वर्षं स्वतःला माफ करू शकला नाही. पुन्हा त्याच जीवाशी गाठ पडल्यावर कळलं, की फेजरचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. तेव्हा वेळेवर तोफ डागली असती, तरी कुणीच वाचलं नसतं.

कर्क म्हणजे नियम धाब्यावर बसवणारा बेधडक कप्तान, अशी त्याची ख्याती आहे. त्याच्या उमेदवारीचा काळ वेगळं सांगतो. मैत्री पणाला लागली तेव्हा त्याने खरी नोंद केली आणि मेलेल्या सहकाऱ्यांचा भार कुणाच्याही माथी मारला नाही. जहाजावरचे शेकडो लोक त्याच्या शब्दावर जीव धोक्यात घालतात, ते याच बळावर.

पुढच्या आठवड्यात जाँ-लुक पिकार. तरुणपणीची घोडचूक पुसून टाकायची संधी त्याला मिळते, तो ती पुसतो, आणि त्याबरोबर त्याचं कप्तानपदही जातं. चूक आणि अधिकार यांचं हे नातं तिथे तपासून पाहू.