शीर म्हणजे रेघ नव्हे

पॉलिमर क्लेचा पिरोजा करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी रंग जुळवायला बसतात. निळ्यात थोडा हिरवा, किंचित पांढरा असं करत रंग हुबेहूब जमतोही. पण भाजून काढल्यावर समोर येतो तो निळ्या प्लास्टिकचा मणीच. माझ्या मते चूक रंगात नसतेच. नक्कल करायची असते ती पदार्थ घडला कसा, याची. पिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं फॉस्फेट. खडकाच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातून तो साचत जातो आणि आसपासच्या खडकाचा, लोहाचा काळा-तपकिरी अंश त्यात शिरांसारखा अडकून राहतो. तेव्हा शीर ही वरून ओढलेली रेघ नव्हे, ती दोन तुकड्यांमधली सांध आहे.

हे एकदा ओळखलं की कृती आपोआप सुचते. निळ्याच्या दोन-तीन छटांचे गोळे पात्याने चिरायचे. काही तुकडे हरभऱ्याएवढे, काही मोहरीएवढे, थोडा नुसता चुरा. मग त्यांना काळपट तपकिरी ॲक्रिलिक रंग माखायचा आणि तो पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर आत राहिलेल्या ओलीची भाजताना वाफ होते आणि मणी फुगतो. वाळलेले तुकडे दाबून एकजीव केले की प्रत्येकाभोवती रंगाचा पापुद्रा राहतो. कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला, भाजून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासायला घेतलं की वरचा काळा थर निघतो आणि खालून शिरा उमटतात, कुठे जाड, कुठे केसासारख्या, कुठे मध्येच विरलेल्या. ब्रशने हे साधत नाही, कारण हात नकळत अंतरं सारखी ठेवतो. हस्तिदंताचंही तेच. दात थराथराने वाढतो, म्हणून पांढऱ्या आणि अर्धपारदर्शक क्लेच्या पातळ पोळ्या एकावर एक रचून उभ्या कापाव्या लागतात. टोरी ह्यूज या अमेरिकी कलाकर्तीने अशी तंत्रं बसवली आणि शिकवली. क्लेच्या कामाला तिने दिलेली ही मोठी देणगी आहे.

ही फसवणूक नव्हे का, असं विचारलं जातं. प्राचीन इजिप्तमध्ये पिरोजासारखी दिसणारी फायन्सच्या, म्हणजे झिलईदार भाजक्या पदार्थाच्या, चकाकत्या निळ्या मण्यांची माळ लोक गळ्यात घालत. सावंतवाडीची लाकडी फळं आपण कौतुकाने दिवाणखान्यात ठेवतो. फसवणूक होते ती विकताना नाव दडवल्यावर. हस्तिदंताच्या बाबतीत मात्र आक्षेप वजनदार आहे: १९८९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीचा निर्णय झालेल्या वस्तूची हौस नकलेने जागती ठेवावी का? हत्तीला हात न लावता तो पोत डोळ्यांना मिळतो, म्हणून ती करावी असं मला वाटतं. पण नकलेवर तसं स्पष्ट लिहिलेलं असावंच. क्ले हे शेवटी पीव्हीसी, कुजणारं नव्हे, ही तक्रार तर पूर्ण खरी. म्हणून वापरून फेकायच्या वस्तूंसाठी क्ले लाटू नये.

आणि नक्कल कितीही साधली तरी ती डोळ्यापुरतीच राहते. खरा पिरोजा गालाला लावला तर गार लागतो, तळहातावर जड भरतो. क्लेचा मणी लगेच कोमट होतो. अंबर भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात तरंगतो, क्लेचा अंबर तळाशी जातो.