परसाची वई

भाताची कापणी-झोडणी उरकली की कोकणात गुरे मोकळी सुटतात. परसात वाल, मुळा, लाल माठ करायचा तर आधी वई घालावी लागते. आमच्या रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांतून ही वई आता कमी होत चालली आहे. आखाताचा पैसा येऊ लागला तसे आम्ही आधी घर बांधले, मग चिऱ्याचे कंपाउंड.

सुकी वई दरवर्षी नवी घालायची. मेढी रोवून त्यांना बांबूच्या आडव्या कांबी बांधायच्या, मधे काटेरी फांद्या खुपसायच्या, काटे बाहेरच्या अंगाला. उन्हाळ्याच्या शेवटी तिचेच जळण होते.

जिवंत वईचे काम मृगाच्या पावसात. शेर, पांगारा, गिरिपुष्प, मोगली एरंड यांच्या फांद्या रोवल्या की मुळे धरतात. अडुळसा आणि निगडी लावतात, कारण त्यांना गुरे सहसा तोंड लावत नाहीत. मेंदीची वई असेल तर छाटलेला पाला ईदला घरातल्या मुलींच्या हातावर. (कोनातल्या काळ्या मेंदीपेक्षा हा बरा!) खरी मेहनत छाटणीची. वरून छाटली नाही तर वई उंच जाते, बुडाशी भोके पडतात आणि कोंबड्या आत शिरतात. इंग्लंडमधले शेतकरी यासाठी हिवाळ्यात खोड बुडाशी बरेचसे कापून, थोडे जोडलेले ठेवून, तिरके आडवे करतात. ते जिवंत राहते आणि बुडातून नवे कोंब फुटतात. आपल्याकडे रिकाम्या जागी नवी फांदी रोवतात.

मग भिंतीत वाईट काय? आपली जमीन उताराची. भिंतीला मोऱ्या ठेवल्या नाहीत तर पावसाचे पाणी अडते, वरच्या घराच्या अंगणात तुंबते, आणि दोन घरांचे बोलणे बंद होते. वईतून पाणी वाट काढते. अर्थात वईही निष्पाप नाही. छाटणीच्या निमित्ताने वीतभर पुढे सरकवलेल्या वईने कितीतरी भाऊबंद कचेरीच्या पायऱ्या चढले आहेत.

आम्हाला वाटते, रस्त्याकडेला हवी तर भिंत घालावी, शेजाऱ्याच्या बाजूला वईच असू द्यावी. फांद्या रोवताना दोन्ही घरची माणसे हजर असावीत. शेर तोडताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळ्यांना गंभीर इजा होते. मोगली एरंडाच्या बिया विषारी. मुले शेंगदाणे समजून खातात आणि उलट्यांनी बेजार होतात. मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ तो लावूच नका.